शब्दशंका : ‘प्रत्याम्नाय’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातवाची मुंज गंगापूर रस्त्यावरील एका मंगल कार्यालयात झाली. सकाळी गुरुजींनी आधी मुलाच्या वडिलांकडून आणि मग मुलाकडून संकल्प म्हणवून घेतले. त्यांत ‘कृच्छ्रत्रयं तत्प्रत्याम्नायगोनिष्क्रयीभूतयथाशक्तिरजतद्रव्यदानेन अहमाचरिष्ये’ असे शब्द होते, आणि त्यानंतर काही नाणी पाण्यासह ताम्हनात सोडायला लावली. पुढे माझ्या थोरल्या बंधूंच्या अंत्यसंस्काराच्या वेळी ‘षडब्द प्रायश्चित्त’ आणि त्यापाठोपाठ पुन्हा हाच ‘प्रत्याम्नाय’ शब्द कानावर आला. शब्दकोशात पाहिले तर ‘निगमन’ असा अर्थ मिळाला, जो येथे मुळीच बसत नाही. आठ वर्षांच्या मुलाला कसले प्रायश्चित्त, आणि ‘प्रत्याम्नाय’ म्हणजे दंड समजायचा की दक्षिणा?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : दंडही नव्हे आणि दक्षिणाही नव्हे. शास्त्राने सांगितलेले एखादे कृत्य जसेच्या तसे करणे जमत नसेल, तेव्हा त्याच्या जागी शास्त्रानेच सांगून ठेवलेले दुसरे कृत्य म्हणजे प्रत्याम्नाय. या व्याख्येतला ‘शास्त्रानेच सांगून ठेवलेले’ हा भाग महत्त्वाचा आहे, कारण कर्त्याने किंवा पुरोहिताने आपल्या सोयीने शोधलेल्या पर्यायाला हे नाव लागत नाही. ‘म्ना’ या धातूचा अर्थ परंपरेने पठण करणे, सांगत येणे असा आहे. त्यावरून ‘आम्नाय’ म्हणजे परंपरेने सांगत आलेले वचन, वेद. त्याच्या प्रति, म्हणजे त्याच्या बदली, उच्चारलेले दुसरे वचन तो प्रत्याम्नाय.

कोशात आपल्याला मिळालेला ‘निगमन’ हा अर्थ चुकीचा नाही. तो दुसऱ्या शास्त्रातला आहे. वैशेषिक दर्शनातील प्रशस्तपादांनी अनुमानाच्या पाच अवयवांपैकी शेवटच्याला ‘प्रत्याम्नाय’ म्हटले आहे, आणि नैयायिक त्यालाच ‘निगमन’, म्हणजे निष्कर्ष, म्हणतात. प्रतिज्ञेत जे म्हटले तेच सिद्ध झाल्यावर पुन्हा उच्चारायचे, म्हणून तेथे ‘प्रति’चा अर्थ ‘पुन्हा’ असा होतो, आणि आपल्या संकल्पात तो ‘बदली’ असा होतो.

हा बदलीचा अर्थ मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रज्ञांच्या, यज्ञचर्चेतून आलेला आहे. मूळ यागात वेदीवर कुश पसरायचे असतात. एका विशिष्ट यागाच्या प्रकरणात मात्र ‘शरमयं बर्हिः’, म्हणजे बर्हि (वेदीवर पसरायचे गवत) शर नावाच्या गवताचे असावे, असे स्वतंत्र वचन येते आणि त्या वचनामुळे कुश बाजूला होतात. कुश मिळाले नाहीत म्हणून येथे शर आलेले नाहीत, वचनाने सांगितले म्हणून आलेले आहेत. याउलट, भात मिळाला नाही म्हणून त्याच्याशी सारखेपणा असलेले नीवार, म्हणजे रानभात, वापरले तर त्यांना ‘प्रतिनिधी’ म्हणतात. प्रतिनिधी अडचणीतून येतो आणि सादृश्यावर निवडला जातो, तर प्रत्याम्नाय वचनातून येतो आणि त्याचे मूळ वस्तूशी साम्य असावेच लागते असे नाही. बारा दिवसांचे व्रत आणि एक गाय यांत काय साम्य आहे, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने हा भेद ध्यानात घ्यावा.

आता आपल्या संकल्पातील समास सोडवू. ‘कृच्छ्र’ एवढाच शब्द आला की तेथे प्राजापत्य कृच्छ्र समजावयाचे असते. मनुस्मृतीत त्याचे स्वरूप एका श्लोकात आले आहे : तीन दिवस फक्त सकाळी जेवावे, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता जे मिळेल ते खावे आणि शेवटचे तीन दिवस काहीच खाऊ नये. असे हे बारा दिवसांचे व्रत आहे. ज्याला हे करणे शक्य नाही त्याच्यासाठी स्मृतींनी जे प्रत्याम्नाय सांगितले, त्यांत दहा हजार गायत्रीजप, दोनशे प्राणायाम, बारा ब्राह्मणांना भोजन, दोन योजने (सुमारे सोळा मैल) चालत जाऊन केलेली तीर्थयात्रा आणि एका दुभत्या गाईचे दान ही प्रमुख होत. कृच्छ्र, गायत्रीचा अयुत जप, उदवास म्हणजे पाण्यात उभे राहणे, आणि धेनुदान ही चारही ‘सम’ आहेत, असे एक वचन निबंधकार, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ लिहिणारे, देतात. म्हणून गोदान ही कृच्छ्राची सवलतीतली आवृत्ती नाही; वचनाच्या दृष्टीने ते कृच्छ्रच आहे.

समासातला पुढचा शब्द ‘निष्क्रय’. काही सोडवून घेण्यासाठी दिलेले मोल तो निष्क्रय. येथे दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्या एकत्र मिसळल्यामुळेच बहुतेकांचा गोंधळ होतो. गाय हा कृच्छ्राचा प्रत्याम्नाय आहे. पैसा हा गाईचा निष्क्रय आहे. ‘गवामभावे निष्कं स्यात् तदर्धं पादमेव वा’, गाई नसतील तर एक निष्क द्यावा, किंवा त्याचा अर्धा, किंवा चौथा हिस्सा, असे वचन याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेसारख्या ग्रंथांत घेतलेले आढळते. निष्क हे सोन्याचे जुने माप आहे. पुढे त्याच्या जागी चांदी आली, म्हणून संकल्पात ‘रजतद्रव्य’. आणि त्याच्याही आधी ‘यथाशक्ति’ हा शब्द बसवलेला आहे. तेव्हा पूर्ण अर्थ असा होतो : ‘तीन कृच्छ्रे, त्यांचा प्रत्याम्नाय असलेल्या गाईंचे मोल म्हणून ऐपतीप्रमाणे चांदीचे द्रव्य देऊन, मी आचरीत आहे.’

माझे मत असे आहे की या परंपरेवर ‘पैसे फेकून पाप धुणे’ असा जो आक्षेप घेतला जातो, तो प्रत्याम्नायावर घेणे अन्यायाचे आहे. दहा हजार जप किंवा सोळा मैलांची पायपीट यांना कोणी पळवाट म्हणणार नाही. गळती लागली ती निष्क्रयात, आणि त्यातही ‘यथाशक्ति’ या एका शब्दात. जो शब्द गरिबाची अडचण व्हायला नको म्हणून आला, त्याच्या आधाराने कार्यालयाचे भाडे सहज भरणारा यजमानही दोन-चार नाणी सोडून मोकळा होतो. मनूने हे ओळखून ठेवले होते. जो मुख्य कल्प (मूळ विधी) करण्यास समर्थ असूनही अनुकल्पाने, म्हणजे दुय्यम पर्यायाने, वागतो, त्या दुर्बुद्धीला परलोकी त्याचे फळ मिळत नाही, असे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. हा श्लोक संकल्पाबरोबर कोणी म्हणत नाही, हे समजण्यासारखे आहे.

आठ वर्षांच्या मुलाला प्रायश्चित्त कशाचे, हा आपला प्रश्न रास्त आहे. मुंजीपूर्वी मुलाला वागण्या-बोलण्या-खाण्याचे नियम नसतात; मनास येईल तसे वागणे, बोलणे व खाणे यांना शास्त्रात अनुक्रमे कामचार, कामवाद व कामभक्षण म्हणतात. त्या मोकळेपणातून नियमबद्ध ब्रह्मचर्यात शिरताना बटूने तीन कृच्छ्रे करावीत असा विधी आहे. वडिलांची तीन कृच्छ्रे वेगळी असतात. दुसऱ्याला गायत्रीचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्या अंगी यावा, यासाठी ती असतात. याखेरीज जातकर्मापासूनचे संस्कार वेळेवर झाले नसतील, आणि आजकाल ते सहसा झालेले नसतातच, तर राहिलेल्या प्रत्येक संस्कारासाठी पादकृच्छ्र आणि चौल (जावळ) राहिले असेल तर अर्धकृच्छ्र करावे लागते. पादकृच्छ्राचे स्वरूप याज्ञवल्क्यस्मृतीत एक दिवस एकभुक्त (दिवसा एकदाच जेवण), एक दिवस नक्त (फक्त रात्री जेवण), एक दिवस अयाचित (न मागता मिळेल ते) आणि एक दिवस उपवास असे चार दिवसांचे आहे, आणि त्याची तिप्पट म्हणजे प्राजापत्य असे तेथेच सांगितले आहे. ‘पाद’ म्हटल्यावर तिप्पट कशी, हा हिशेब टीकाकारांनाही सोडवत बसावा लागला. थोडक्यात, आपल्या नातवाने पाप काहीच केलेले नव्हते. प्रायश्चित्त हा शब्द आपण पापाशी कायमचा बांधून टाकला आहे. ‘प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय’ या जुन्या व्युत्पत्तीत पापाचा उल्लेखही नाही.

राहिला ‘षडब्द’. अब्द म्हणजे वर्ष. वर्षाचे ३६० दिवस धरले आणि एका कृच्छ्राचे १२ दिवस, तर एका अब्दात ३० कृच्छ्रे बसतात. म्हणून षडब्द म्हणजे सहा वर्षांची १८० कृच्छ्रे, त्र्यब्द म्हणजे ९० आणि सार्धाब्द म्हणजे दीड वर्षाची ४५. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी इ.स. १७९० च्या सुमारास लिहिलेल्या आणि महाराष्ट्रातील पुरोहितवर्गाच्या नित्य वापरातल्या धर्मसिंधूत हीच गणती आहे. मरणोन्मुख माणसाने, आणि त्याला जमले नाही तर त्याच्या वतीने मुलाने, हे सर्वप्रायश्चित्त करावयाचे असते. सहा वर्षे उपास करण्याइतका वेळ कोणाजवळच उरलेला नसतो. त्यामुळे षडब्द हे जवळजवळ नेहमीच प्रत्याम्नायानेच होते. जपाचा प्रत्याम्नाय घेतला तर अठरा लक्ष गायत्री, भोजनाचा घेतला तर २१६० पाने, आणि गोदानाचा घेतला तर १८० गाई असा आकडा निघतो. आपल्या बंधूंच्या वेळी हे सर्व कोणत्या रकमेत बसवले गेले, ते आपण लिहिलेले नाही.

प्रश्न : वरील उत्तरात येणाऱ्या तीर्थयात्रेच्या प्रत्याम्नायाविषयी मुद्दाम विचारतो. आम्ही त्र्यंबकेश्वरी राहतो व कुशावर्तावर वारंवार स्नान करतो. प्रत्येक स्नान हे एका कृच्छ्राचा प्रत्याम्नाय ठरते काय? आणि मुंडन न करता प्रायश्चित्त होते काय?
— एक वाचक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : आपल्या गावाचा प्रायश्चित्ताशी असलेला संबंध कुशावर्ताहूनही जुना आहे. गौतम ऋषींच्या शेतात शिरलेली गाय त्यांनी दर्भाच्या काडीने हाकलली आणि ती मेली. त्या गोहत्येच्या प्रायश्चित्तासाठी त्यांनी ब्रह्मगिरीवर तप करून गंगा आणली आणि निसटून जाणारा तिचा प्रवाह जेथे कुशांनी अडवला ते कुशावर्त, अशी कथा आहे. गौतमी हे नदीचे नाव त्यावरूनच आले. नाशिककरांची नदी ही एका प्रायश्चित्ताचे फळ आहे, असे परंपरा मानते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र नकारार्थी द्यावे लागते. पराशरस्मृतीत एका कृच्छ्राबरोबर धरली आहे ती दोन योजनांची तीर्थयात्रा. म्हणजे मोजले जाते ते चालणे. योजनाचे माप ग्रंथागणिक बदलते, परंतु चार कोसांचे योजन आणि दोन मैलांचा कोस हे रूढ प्रमाण धरले तर दोन योजने म्हणजे सोळा मैल, सुमारे २६ किलोमीटर होतात. नाशिकहून त्र्यंबकेश्वर साधारण २८ किलोमीटर आहे. नाशिकचा माणूस रामकुंडावरून पायी निघून कुशावर्तावर पोहोचला तर त्याच्या पदरी एक कृच्छ्र पडते. आपण घरातून निघून शंभर पावलांवर बुडी मारली तर पुण्य लागेल, पण या हिशेबातला प्रत्याम्नाय घडणार नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी नाशिकवरून दिंड्या पायी जातात. त्यांतला वारकरी कृच्छ्रे मोजत नसतो, पण स्मृतीच्या मोजमापात तो बसतो. मोटारीने येणाऱ्यांविषयी स्मृतिकारांना काही म्हणण्याचे कारणच नव्हते.

तीर्थातील स्नानाचाही स्वतंत्र प्रत्याम्नाय आहे, पण त्याला अट आहे. तीर्थात बारा वेळा स्नान करावयाचे आणि प्रत्येक स्नानाच्या आधी डोके वाळलेले असावयाचे. पावसाळ्यातल्या त्र्यंबकेश्वरी ही अट पाळायला किती दिवस लागतील, याचा अंदाज आपल्याला माझ्यापेक्षा अधिक असेल.

मुंडनाविषयी : क्षौर हे प्रायश्चित्ताचे पूर्वांग आहे. संकल्पात ‘प्राच्योदीच्यांगसहित’, म्हणजे आधीच्या व नंतरच्या अंगांसह, असे म्हणतात ते याच गोष्टींना उद्देशून. भस्म, गोमय, मृत्तिका, शुद्ध पाणी, पंचगव्यातील पाच द्रव्ये आणि कुशोदक अशी दशविध स्नाने, होम, विष्णुश्राद्ध इत्यादी अंगे त्यातच येतात. ज्याला केस राखावयाचे असतील त्याने दुप्पट व्रत करावे आणि व्रत दुप्पट म्हणून दक्षिणाही दुप्पट द्यावी, असे वचन आहे. स्त्रियांनी सर्व केस एकत्र धरून दोन अंगुळे कापावेत, एवढेच त्यांचे मुंडन सांगितले आहे. ऐंशीच्या पुढचे वृद्ध, सोळाच्या आतली मुले, स्त्रिया आणि रोगी यांना प्रायश्चित्तच निम्मे असते. त्यांना प्रत्याम्नायही त्या निम्म्याचाच लागतो.

प्रश्न : प्रायश्चित्ताला प्रत्याम्नाय असतो, तर ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांना देहांत प्रायश्चित्त का सांगितले गेले? एखादा प्रत्याम्नाय का दिला नाही?
— एक प्राध्यापिका, नाशिक रोड

उत्तर : विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, आळंदीच्या ब्रह्मवृंदाने देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि पती-पत्नींनी प्रयागी त्रिवेणीत देह ठेवला, असे चरित्रपरंपरा सांगते. मुंजीचा अधिकार मिळावा म्हणून हे कुटुंब आधी त्र्यंबकेश्वरी आले होते आणि ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले, हाही त्याच कथेचा भाग आहे.

शास्त्रीय बाजू अशी की नैष्ठिक, म्हणजे आजन्म ब्रह्मचर्याच्या, धर्मावर आरूढ होऊन जो त्यातून ढळतो, ‘त्याचे प्रायश्चित्त मला दिसत नाही’ असे एक स्मृतिवचन आहे. ते शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात उद्धृत केले आहे. जेथे मूळ व्रतच सांगितलेले नाही तेथे त्याच्या बदलीचे काही असू शकत नाही. प्रत्याम्नाय हा नेहमी कशाचा तरी असतो. ब्रह्महत्येला मात्र बारा वर्षांचे व्रत आहे, म्हणून तिला ३६० गाईंचा प्रत्याम्नाय मिळतो. हत्येला बदली आहे आणि आश्रम बदलण्याला नाही, ही विषमता आजच्या वाचकाला खटकणारच, आणि माझ्या मते ती खटकावी.

परंतु हा विषय शास्त्रातही एकमताचा नव्हता. त्याच भाष्यात, हे महापातक नसून उपपातक आहे आणि त्याला प्रायश्चित्त आहे, असा दुसरा पक्षही मांडला आहे. तथापि कोणताही पक्ष घेतला तरी शिष्टांनी अशा माणसाला व्यवहारात दूर ठेवावे, असा शेवट तेथे केला आहे. शिवाय कलिवर्ज्यांच्या प्रसिद्ध यादीत ब्राह्मणांना मरणान्तिक प्रायश्चित्त सांगणे हेही कलियुगात वर्ज्य म्हणून नोंदलेले आहे. म्हणजे आळंदीच्या निर्णयाच्या विरोधात उभे करता येईल असे वचन परंपरेत होते. मुलांना पुढे शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले, यावरून निर्णय देणाऱ्या सभांचे वजन वचनांपेक्षा किती अधिक होते ते दिसते.

प्रश्न : लेखनात हा शब्द कसा वापरावा? ‘प्रत्यम्नाय’ असेही काही ठिकाणी छापलेले दिसते. कारावासाऐवजी भरलेल्या दंडाला ‘प्रत्याम्नाय’ म्हणता येईल काय?
— एक मुद्रितशोधक, नाशिक

उत्तर : ‘प्रत्याम्नाय’ हेच शुद्ध. ‘प्रति’ आणि ‘आम्नाय’ यांच्या संधीत ‘त्या’ दीर्घच होतो. ‘प्रत्यम्नाय’ आणि मधूनच दिसणारे ‘प्रत्यान्माय’ ही दोन्ही रूपे छपाईतली आहेत. शब्द पुल्लिंगी आहे : तो प्रत्याम्नाय, त्याचे प्रत्याम्नाय. ज्याच्या बदली करावयाचे त्याला षष्ठी लावावी आणि जे करावयाचे त्याला तृतीया, जसे : ‘त्यांनी कृच्छ्राचा प्रत्याम्नाय जपाने केला.’ जुन्या पद्धतीने ‘गोदानप्रत्याम्नायद्वारा’ असेही लिहिता येते. ‘प्रत्याम्नाय भरला’ असे लिहू नये. भरतात तो दंड, आणि दिला जातो तो निष्क्रय.

न्यायालयाच्या दंडाला हा शब्द लावणे मला मान्य नाही. राजाने लादलेला दंड आणि माणसाने स्वतः सभेपुढे जाऊन मागून घेतलेले प्रायश्चित्त या दोन गोष्टी धर्मशास्त्राने वेगळ्या ठेवल्या आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत तर व्यवहार आणि प्रायश्चित्त असे त्यांचे अध्यायच निराळे आहेत. तेथे ‘कारावासाऐवजी दंड’ एवढे पुरते. सर्वसाधारण लेखनात ‘पर्याय’ हा शब्द असताना प्रत्याम्नाय वापरण्याची गरज नाही. मात्र जेथे बदलीची गोष्ट मूळ नियमातच सांगितलेली आहे, जसे रोजा ठेवणे कायमचे अशक्य झालेल्याने द्यावयाचा फिद्या, तेथे हा शब्द चपखल बसेल. फिद्या म्हणजे दर रोजामागे एका गरिबाला जेवण, आणि तो नियम कुराणातच आलेला आहे.